आधी पंखा, मग इंजिन

बोट ओढत नाही असे वाटले की माणसाचा हात सगळ्यात आधी इंजिनाच्या झाकणाकडे जातो. झाकण निघते, प्लग बाहेर येतो, कार्बोरेटर खोलला जातो, आणि तासाभराने सगळे परत जोडल्यावरही बोट होती तशीच रेंगाळत राहते. ही पुस्तिका तो क्रम उलटा करण्यासाठी लिहिली आहे. बोटीच्या मागच्या फळीवर अडकवलेल्या आउटबोर्ड मोटारीतल्या बिघाडाचा शोध तिच्या पाण्यात बुडालेल्या टोकापासून सुरू करावा, असे माझे म्हणणे आहे. पंखा, त्याच्या आतला रबरी बुश, पंख्याची पाण्यातली खोली, बोटीतले ओझे आणि रबरी बोट असेल तर तिच्यातली हवा, एवढे पाहून झाले की मग इंजिनाला पाना लावावा. हा आग्रह धरण्याला कारणे आहेत. या गोष्टी काहीही न खोलता तपासता येतात. त्यांतले दोष हुबेहूब इंजिन थकल्यासारखे दिसतात. आणि घाईने खोललेल्या चांगल्या कार्बोरेटरमध्ये जो कचरा जातो, तो बिघाड आपण स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो.

आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, मग आउटबोर्ड मोटारीवर पुस्तिका कशाला, असे कोणी विचारील. उत्तर जिल्ह्याच्या उत्तरेच्या हद्दीवर वाहते आहे. बुलढाण्याकडे अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा यवतमाळ आणि आदिलाबाद यांच्या मधून पुढे वर्धेला जाऊन मिळते. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले. गोदावरीचा काठ निर्मल आणि मंचेरियालकडे गेला, प्राणहितेचा आसिफाबाद-मंचेरियालकडे, आणि आदिलाबादच्या वाट्याला मुख्यतः पैनगंगा उरली. जैनथ, बेला या मंडलांतली मराठी बोलणारी कित्येक गावे तिच्याच पट्ट्यात आहेत. त्यात सातनाला, मत्तडिवागू यांसारखे तलाव आहेत, आणि महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यात २३ ऑगस्ट २०१६ रोजी झालेल्या कराराने मार्गी लागलेले चनाखा-कोरटा बॅरेज आहे. उन्हाळ्यात जिथून बैलगाडी उतरते तिथे जुलैत दोन काठांची भेट तुटते. २२ जुलै २०२३ रोजी याच नदीच्या खोऱ्यात, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, आनंदनगर तांड्यावर पुराने वेढलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली होती. ढग खाली उतरलेले असताना हेलिकॉप्टरचा भरवसा धरता येत नाही. तेव्हा उरते ती बोट, आणि त्या बोटीमागची पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीची मोटार. इथली मोटार हौसेची नाही आणि रोजच्या धंद्याचीही नाही. ती वर्षातले मोजके दिवस चालते, आणि त्या दिवसांत ती चाललीच पाहिजे.

या मोटारींची माहितीपत्रके मात्र समुद्र डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. त्यांत मिठाने गंजणाऱ्या भागांवर पानेच्या पाने असतात, आणि मालकाने रोज मोटार चालवावी अशी अपेक्षा गृहीत धरलेली असते. पैनगंगेत मीठ नाही. काळ्या मातीचा चिकट गाळ आहे, आणि आदिलाबादच्या आसपास पसरलेला, भूशास्त्रात पैनगंगा गट म्हणून नोंदलेला चुनखडक आहे. पुरात पाण्याखाली गेलेल्या शेतांवरून बोट न्यावी लागते, म्हणजे पंख्याखाली नदीचा तळ नसतो, शेताचा बांध असतो. तिथे कुंपणाची तार असते, बाभूळ असते, उपटून धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी असते, ठिबकच्या नळ्या असतात, आणि रानडुकरे अडवायला काठ्यांना बांधलेल्या जुन्या साड्या असतात. सहावारी साडी पंख्यात गेली की ती आसाभोवती इतकी घट्ट वळते की चाकूनेच कापावी लागते. या गोष्टी कोणत्याही जपानी कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाहीत, म्हणून त्या इथे लिहायला हव्यात.

यंत्राची ताकद आणि पाण्याचा स्वभाव यांचे गणित जुळले नाही तर काय होते, याचा एक मोठा दाखला याच नद्यांवर घडून गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वर्धा खोऱ्यातला कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने वाफेच्या बोटींतून पूर्व किनाऱ्याला न्यायची योजना आखली गेली. अभियंता आर्थर कॉटन यांनी तिचा पाठपुरावा केला, अभियंता हेग यांनी वर्षानुवर्षे ती प्रत्यक्ष बांधली. वाफेच्या इंजिनात खोट नव्हती. दुमागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवर देवलमरीजवळ असे खडकांचे तीन मोठे अडथळे होते, आणि वर्षातले कितीतरी महिने पुरेसे पाणीच नव्हते. १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले. त्या अपयशात पैशाची, राजकारणाची आणि रेल्वेच्या स्पर्धेची कारणेही होती, हे मान्य करूनही एवढे उरतेच की बोटीची कुवत ठरवताना बॉयलरइतकाच नदीचा तळही मोजावा लागतो.

पंखा स्वतंत्रपणे तपासण्याची वस्तू आहे, हे जगालाही ठेच लागूनच कळले. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रजाने १८३६ मध्ये स्क्रूच्या आकाराच्या पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला लाकडी स्क्रू दोन पूर्ण वेढ्यांचा होता. पुढच्या वर्षी कालव्यावरच्या चाचणीत तो मोडला, निम्माच उरला, आणि बोट आधीपेक्षा वेगाने धावू लागली. इंजिन तेच, बोट तीच, पंखा मोडका, आणि चाल जास्त. त्याहून बोलका दाखला चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ बोटीचा. १८९४ मध्ये पाण्यात उतरलेली ही टर्बाइनवर चालणारी पहिली बोट वीस सागरी मैलांचा ताशी वेगही गाठेना. पार्सन्सने टर्बाइन फोडून पाहण्याआधी शाफ्टवर स्प्रिंगचे साधन बसवले आणि शाफ्टपर्यंत किती पीळ पोहोचतो ते मोजले. ताकद पोहोचत होती, पण पंख्याला पाणी धरवत नव्हते. पंखा इतक्या जोराने फिरे की पात्यांच्या मागे दाब पडून पाण्याची वाफ होई आणि पाती पोकळीत फिरत. त्याने खिडकी असलेली टाकी बनवून ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एकाच्या जागी तीन शाफ्ट घातले, प्रत्येकावर तीन पंखे चढवले, टर्बाइनही त्याप्रमाणे विभागले. १८९७ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या संचलनात तीच बोट चौतीस सागरी मैलांच्या वेगाने सगळ्यांना मागे टाकून गेली. पार्सन्सचा क्रम मला या पुस्तिकेसाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याने आधी मोजले, मग पंख्याजवळ काय होते ते पाहिले, आणि शेवटी यंत्राला हात लावला.

आपल्याकडे स्प्रिंगचे साधन नको, दोन आकडे पुरतात. पहिला आकडा पूर्ण रेस दिल्यावर इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात हा, आणि दुसरा बोटीचा वेग. हाताने वळवायच्या मोटारीला फेऱ्यांचे मीटर बहुधा नसते, पण प्लगच्या वायरीला गुंडाळून चालणारे छोटे मीटर बाजारात स्वस्तात मिळते. वेग मोबाइलच्या जीपीएसवर दिसतो. नदीत मोजायचा तर एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा उलट जाऊन दोहोंची सरासरी घ्यावी. तलावाच्या थांबल्या पाण्यात एकाच खेपेत भागते. आता फेरे कमी आणि वेगही कमी असेल, तर इंजिनावर त्याच्या आवाक्याबाहेरचा भार आहे किंवा इंजिन खरेच अशक्त झाले आहे. फेरे जास्त आणि वेग कमी असेल, तर इंजिन उत्तम आहे, पंख्याने पाणी सोडले आहे. फेरे नेहमीइतके असून वेग थोडाच कमी असेल, तर बोटीकडे पाहावे, कारण तिच्यात पाणी शिरले असेल किंवा तिचा तळ लवत असेल. म्हणजे तीनपैकी दोन प्रकारांत झाकण उघडण्याचे कारणच उरत नाही. पहिल्या प्रकारातही बोट रिकामी करून पुन्हा आकडा घ्यावा. फेरे परत वर आले तर दोष ओझ्याचा किंवा पंख्याच्या निवडीचा.

पंख्याची निवड म्हणजे मुख्यतः पिच. एका पूर्ण फेऱ्यात पंखा घट्ट पदार्थातून जितका पुढे सरकला असता तितके इंच म्हणजे त्याचे पिच, आणि तो आकडा पंख्यावरच कोरलेला असतो. अकरा पिचचा पंखा घेऊ. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेते आणि खालच्या गिअरमध्ये ते निम्मे होतात असे धरले, तर पंखा २५०० वेळा फिरतो. हिशेबाने बोट मिनिटाला २७,५०० इंच, म्हणजे तासाला सुमारे ४२ किलोमीटर जायला हवी. प्रत्यक्षात जीपीएस ३४ दाखवत असेल तर साधारण एकोणीस टक्के घसर झाली, आणि हलक्या बोटीला ती चालून जाते. पिच एका इंचाने कमी केले की पूर्ण रेसला इंजिन साधारण दीडशे ते दोनशे फेरे जास्त घेते. घाट चढताना ट्रकवाला खालचा गिअर टाकतो, तेच इथे पंखा बदलून करायचे असते. मोटारीबरोबर येणारा पंखा मात्र बहुतेक वेळा हलक्या बोटीच्या हिशेबाचा असतो, आणि पुरातली बोट परतीच्या प्रत्येक खेपेला भरलेली असते.

या जागी थोडे थांबून हिशेब मांडायला हवा, कारण जीव वाचण्या-न वाचण्याचा प्रश्न इथे आहे. कोणतीही बोट हळू जाते तेव्हा पाणी दोन्ही बाजूंना सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून पडते. तो अडसर कुठे येतो हे तिच्या पाणरेषेच्या लांबीवर ठरते. चार मीटरच्या बोटीला तो तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास येतो. तो ओलांडून बोट पाण्यावर उचलली गेली, सपाट होऊन पळू लागली, की मग वेग झपाट्याने वाढतो. पुराच्या मुख्य धारेत पाणी सेकंदाला अडीच मीटर धावत असेल, तर तेही तासाला नऊच किलोमीटर झाले. म्हणजे ओझ्यामुळे उचलली न जाणारी बोट, पूर्ण रेस देऊनही, धारेत जवळजवळ जागच्या जागी उभी राहते. लोकांना वाटते मोटार बंद पडत चालली. इंजिन त्या वेळी ५००० ऐवजी साडेतीन हजारांवर धापा टाकत असते, तापत असते, आणि पेट्रोल पीत असते. तिथे दोन इंच कमी पिचचा पंखा असता, तर तेच इंजिन आपल्या खऱ्या ताकदीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले असते आणि तेवढीच माणसे घेऊन बोट उचलली गेली असती. म्हणून पुराच्या कामाच्या प्रत्येक मोटारीला दोन पंखे असावेत, एक रिकाम्या बोटीचा आणि एक भरलेल्या बोटीचा. कमी पिचचा पंखा लावून रिकामी बोट पूर्ण रेसवर पळवली तर फेरे मर्यादेबाहेर जातात आणि दोन-स्ट्रोक इंजिनाला ते घातक आहे. तो धोका खरा आहे. पण तो चालवणाऱ्याच्या मनगटात राहतो, तर अडकलेल्या बोटीवर मनगटाने करण्यासारखे काहीच उरत नाही.

पंख्याने पाणी सोडण्याची कारणे पुढे सविस्तर येतील. त्यातले एक इथे मुद्दाम उलगडतो, कारण ते रबरी बोटींचे आहे आणि सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा बोट चाळीस अंशांच्या तापलेल्या गोदामात पाव बार दाबापर्यंत फुगवली. ट्रॅक्टरने नेऊन ती पंचवीस अंशांच्या पुराच्या पाण्यात सोडली. आतली हवा गार झाली, आणि एकही छिद्र नसताना दाब पाव बारवरून ०.१९ बारच्या आसपास आला. जवळजवळ चौथाई दाब गेला. आता नळ्या लवतात, बोट मध्ये वाकते, मागची फळी मोटारीच्या रेट्याने मागे कलते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंच-दोन इंच खाली असावी लागते. ती वर येते, पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळते आणि बोट मंदावते. दिसायला हा इंजिनाचा बिघाड दिसतो, आणि इलाज हातपंपाचे काही झटके एवढाच असतो. मोटार लांब दांड्याची की आखूड दांड्याची, पंधरा इंची फळीवर वीस इंची मोटार चढवली आहे का, मोटारीचा कल ठरवणारी पिन कोणत्या भोकात आहे, याही गोष्टी याच गटातल्या आहेत आणि काठावर उभे राहून दिसतात.

पंखा तपासायलाही यंत्रशाळा लागत नाही. मोटार बंद करून, सुरक्षेची लाल दोरी काढून, प्लगच्या वायरी सोडवून मग पंखा उतरवावा. एका सपाट फळीवर तो बुंध्यावर उभा ठेवावा. प्रत्येक पात्यावर मध्यापासून सारख्याच अंतरावर खडूने खूण करावी, आणि त्या खुणेवर पात्याच्या पुढच्या व मागच्या कडेची फळीपासूनची उंची पट्टीने मोजावी. तिन्ही पात्यांतला दोन उंचींचा फरक सारखा यायला हवा. एका पात्यात तो तीन-चार मिलिमीटरने वेगळा आला तर ते पाते वाकलेले आहे, आणि बोट थरथरण्याचे कारण सापडले. असे पाते दगडावर ठेवून हातोड्याने सरळ करण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. अॅल्युमिनियम थंड असताना ठोकले की त्यात बारीक चीर पडते, आणि ते पाते भर धारेत तुटते. पोलादी पंखा घ्यावा का, हा प्रश्न नेहमी येतो. चुनखडकाच्या पात्रासाठी माझे मत अॅल्युमिनियमच्या बाजूने आहे. खडकावर आदळल्यावर ते पाते मोडते आणि गिअर वाचतो. पोलादी पाते टिकते, पण तो धक्का आत गिअरपर्यंत पोहोचवते. बुंध्याच्या आत रबरी बुश असतो, त्याचेही काम धक्का गिळण्याचे. तो सुटला की आतला भाग फिरतो आणि पाती मागे राहतात. हळू चालवले तर बोट चालते, रेस दिली की नुसता आवाज. बुंध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, आणि पाण्यातून आल्यावर ती तुटलेली दिसली, तर निदान तिथेच संपले.

यावर जाणकार मेकॅनिकांचा पहिला आक्षेप असा की प्रत्यक्षात बहुतेक मोटारी पेट्रोलनेच अडतात, पंख्याने नाही. त्यात तथ्य आहे, आणि आदिलाबादसारख्या ठिकाणी ते जास्तच आहे. मोटार पावसाळा संपल्यावर ठेवली जाते ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत, आणि मध्ये पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा पत्र्याच्या गोदामात काढते. कार्बोरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला डिंक बारीक जेट बुजवतो. नळी आणि हाताने दाबायचा रबरी बल्ब कडक होऊन तडकतात. फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे काळजी वाढली आहे, कारण इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी पुरेसे झाले की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी वेगळे बसते. दोन-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच कालवलेले असते, तेव्हा तळाचे ते पाणी इंजिनात गेले तर वंगणाविना पिस्टन धरतो. हे सगळे मान्य. पण यातला कोणता दोष शोधायला इंजिन खोलावे लागते? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे का, हे बोटाने कळते. मोटार मंदावत असताना बल्ब दाबला आणि ती सावरली, तर दोष टाकी, नळी किंवा इंधन पंपात आहे. टाकीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवले की पाण्याचा थर डोळ्यांना दिसतो. इंजिन गार करून बाजूच्या भोकातून निघणारी पाण्याची धार बारीक झाली असेल, तर गाळाने जाळी बुजली आहे किंवा वाळूने पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरची पाती झिजली आहेत. पेट्रोलची बाजू तपासायचीच, फक्त तीही बाहेरून आत अशा क्रमाने. शेवटी कार्बोरेटर खोलावा लागलाच, तर तो मे महिन्यात चादर अंथरून खोलला जावा, पुराच्या काठावर चिखलात नव्हे.

दुसरा आक्षेप खर्च मंजूर करणाऱ्यांकडून येतो. बोट ओढत नाही तर मोठी मोटार घ्या, पंख्यांच्या इंचांत कशाला शिरायचे? पंचवीस अश्वशक्तीची दोन-स्ट्रोक मोटार पन्नास किलोच्या आसपास असते, चाळीसची सत्तर-पंचाहत्तर. ते जास्तीचे वजन नेमके मागच्या फळीवर येते, जिथे आधीच चालवणारा बसलेला असतो. बोट मागे बसते, नाक वर होते, आणि उचलली जायला आणखी अवघड होते. शिवाय मोठ्या मोटारीवर पंखा चुकीचाच असेल तर तीही त्याच धारेत तशीच धापा टाकेल. आणि मोठी मोटार आली की जास्त माणसे बसवण्याचा मोह आपोआप येतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ज्यांनी ती बोट काढली ते गावासाठीच धावले होते, आणि काठावर उभ्या असलेल्या आई-मुलांना मागे ठेवणे किती कठीण असते हे शब्दांत सांगता येणार नाही. म्हणूनच बोट किती माणसांपर्यंत उचलली जाते हा आकडा पुराच्या आधी ठरलेला आणि बोटीवर रंगवलेला असला पाहिजे, म्हणजे त्या क्षणी तो कोणाला ठरवावा लागणार नाही.

नव्या चार-स्ट्रोक मोटारी स्वतःच बिघाड सांगतात, असेही म्हटले जाते. त्या इंजिनाचे तापमान, तेलाचा दाब, इंधनाचा फवारा सांगतात. सुटलेला बुश, वाकलेले पाते किंवा पंख्यात अडकलेली साडी सांगणारा सेन्सर त्यांत नसतो. या आक्षेपाला एवढे पुरे.

पंख्याभोवतीच्या जाळीबद्दल मात्र मला जास्त विचार करावा लागला. पाण्यातल्या माणसाला पात्यांपासून वाचवायला काही बोटींवर पंख्याभोवती कडे किंवा पिंजरा बसवतात. त्याने वेग घटतो, बोट उचलली जाणे लांबते, आणि पऱ्हाटी त्यात अडकते. मग काढून टाकावी का? मला तसे म्हणवत नाही. माणसाला वर ओढताना इंजिन बंदच करायचे, हा नियम पक्का असूनही धारेत तो दर वेळी पाळता येतोच असे नाही. जाळी ठेवावी, पण बोटीच्या सगळ्या चाचण्या जाळीसकट कराव्यात, आणि पंख्याचे पिच जाळीसकटच्या फेऱ्यांवर ठरवावे.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. पूर आलेला असताना मीटर, पट्टी, खडू घेऊन कोण बसणार? कोणीच नाही, आणि बसूही नये. ही तपासणी पुराच्या आधीची आहे. मृगाच्या आधी, सातनाल्यासारख्या तलावाच्या संथ पाण्यात, प्रत्येक मोटार एकदा रिकाम्या बोटीसह आणि एकदा माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या पोत्यांसह पूर्ण रेसवर चालवावी. दोन्ही वेळचे फेरे, वेग, पंख्यावरचे आकडे, कलाच्या पिनेचे भोक, नळ्यांतला दाब हे सगळे एका जाड कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून मोटारीच्या झाकणाला आतून चिकटवावा. चाचणीत चालवणाऱ्याने मुद्दाम हवेचा स्क्रू बंद ठेवून, मुद्दाम मोटार वर चढवून, मुद्दाम नळ्या सैल करून त्या प्रत्येकाचा आवाज एकदा कानांनी ऐकावा. मग जुलैच्या रात्री आवाज बदलला की त्याला मोजत बसावे लागत नाही. त्या रात्री बोटीत हव्यात त्या वस्तू मोजक्याच आहेत. भरलेल्या बोटीचा दुसरा पंखा, दोन स्प्लिट पिना, पंख्याचा नट सोडवणारा पाना, साडी आणि दोर कापायला दातेरी चाकू, हातपंप, आणि डोक्याला बांधायचा दिवा. पंखा बदलायला सराव असलेल्या माणसाला काही मिनिटे लागतात, पण तो सराव अंधारात, ओल्या हातांनी, आणि पिन पाण्यात पडू न देता झालेला असावा. पहिल्या प्रकरणात त्यासाठी पंख्याखाली बांधायच्या कापडाची गाठ आकृतीसह दिली आहे.